पूर्वेकडच्या दोन ओळी

रूपलने कमेंट वाचली आणि नेहमीप्रमाणे ‘प्रकाशित करा’वर बोट ठेवलं. ‘नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई बापाच्या जिवावर जगाला शहाणपण शिकवते.’ खाली नाव: निनावी.

गेले काही महिने हा प्राणी तिच्या ब्लॉगवर मुक्कामाला होता. रूपलने त्याची एकही ओळ पुसली नव्हती. घाण झाकली की वास वाढतो, असं तिचं मत. पालघरच्या कॉलेजात शिकवून एडवणला माहेरी परतताना ती त्याचं चित्र रंगवायची: ढेरपोट्या, बनियनवर बसलेला, बायकोसमोर शेपूट घालणारा आणि मोबाइल हातात आला की वाघ. बारशाला ठेवलेलं नाव लावायची ज्याची छाती नाही, त्याची कीव करणंसुद्धा तिला महाग वाटे. उत्तरं मात्र ती झणझणीत द्यायची. वाचक खूश व्हायचे.

त्या आठवड्यात तिने अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, पानवाडीवर लिहिलं. विड्याच्या पानांच्या या वाडीत चप्पल चालत नाही, परका माणूस चालत नाही आणि पाळी आलेली बाई तर नाहीच. वेल सुकते म्हणे. ‘अण्णा बाजारात गेले असताना मी त्या दिवसांत आत जाऊन आले,’ तिने लिहिलं. ‘वेलींनी काही विचारलं नाही.’

निनावी संध्याकाळीच हजर.

‘म्हणूनच पूर्वेकडच्या दोन ओळी सुकल्या. बापाच्या पोटावर पाय देणारी अवदसा.’

‘अवदसा’ हा शब्द तिला लागला नाही. ती अडली त्या दोन ओळींपाशी. ती गेली तेव्हा वाडी सगळी हिरवी होती. त्यानंतर काही सुकलं असेल तर ते तिलाही ठाऊक नव्हतं, मग जगाला कुठून असणार? चारी बाजूंनी झावळ्यांचा कूड. आईचे, म्हणजे माईचे, गुडघे गेल्यापासून आत फक्त अण्णाच जात. भाऊ हर्षित बोईसरच्या कारखान्यात. त्याला विड्याचं पान आणि पालापाचोळा सारखाच.

तिच्या डोक्यातला ढेरपोट्या उठून गेला. त्याच्या जागी एका बोटाने अक्षरं शोधणारे अण्णा येऊन बसले. रोज जेवताना ‘अजून एक भाकर घे’ म्हणणारे. रूपलला रडू यायला हवं होतं. आली ती किळस. ही कमेंट तिने प्रकाशितही केली नाही आणि पुसलीही नाही.

सकाळी ती वाडीच्या झापाच्या दाराशी चपला काढून आत गेली. अण्णा वेली बांधत होते.

“अण्णा, पूर्वेच्या ओळी बघायच्या हायत.”

तिला कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. हातातली दोरी खांद्यावर टाकून ते पुढे झाले. दोन ओळी बुंध्यापाशी काळ्या पडल्या होत्या.

“कशानं गेल्या?”

वेलींचा विषय निघाला की अण्णांना बाकीचं भान राहत नसे.

“मर रोग हाय. पाट तुंबला, मुळाशी पानी साचलं. मीच आळस केला. वेळेवर चर मारला असता तर वाचल्या असत्या.”

“मी आत आले म्हणून नाय?”

“छे. वेलीला काय कळतंय.”

ते अगदी सहज म्हणाले आणि तेच रूपलला सगळ्यांत घाण वाटलं. विटाळावर विश्वास ठेवून लिहिलं असतं, तर भाबडा म्हातारा म्हणून तिने एकवेळ सोडून दिलं असतं. या माणसाचा स्वतःच्या शिवीवरही विश्वास नव्हता.

तिने मोबाइल काढला, ब्लॉगवरचं ते पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

“हेच इथं लिवा, अण्णा. मर लागली, आळस केला. खाली नाव घाला.”

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं नाही. कुडाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, मग खिसा चाचपला.

“चष्मा घरी राह्यला.”

“तुमी सांगा. मी लिवते.”

ती सुकलेल्या ओळींशेजारी बांधावर बसली. अण्णा एका काळ्या बुंध्याची माती उगाच उकरत राहिले.

“माईला नको कळायला,” शेवटी ते म्हणाले.

“बरं,” रूपल म्हणाली. “मग खाली काय घालू? निनावी?”