दगडी पाल्यावरचा शेरा

आमच्या भावजींना काही कल्पना सुचली की निस्तरावं मला लागतं. गेली वीस वर्षं मी स्वयंपाकघरात दगडी पाल्याचं मलम करते. परसात आपोआप उगवणारा हा पाला तेलात कढवायचा, फडक्यातून गाळायचा, मेण घालायचं. कुणाला खरचटलं, कापलं की शेजारपाजारचे माझ्याकडे येतात. यंदा भावजींनी त्याची कंपनी काढली. ते संचालक आणि मी म्हणे उत्पादन विभाग!

परवान्यासाठी साहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी मी बाजारात गेले, तेवढ्यात भावजींनी माणसं लावून परसातलं सगळं खणून काढलं, फरशी बसवली आणि पत्र्याच्या कुंड्यांत प्लॅस्टिकची फुलं खोचली. येऊन बघते तर काय, माझा पाला कचऱ्याच्या गाडीतून गेलेला!

"अहो, ते मलम होतं मलम!"

"वहिनी, कशाला डोक्याला ताप? डबीवर झाडाचं चित्र छापलंय ना."

मला रडूच कोसळलं. मग शोधत बसले. नळाजवळच्या भेगेत एकच रोप वाचलं होतं. त्याचं बी धरलं तरच पुढचं मलम, नाहीतर कढईत नुसतं तेल.

साहेब आले. फरशी बघून खूश झाले. फुलाचा वास घ्यायला वाकले, "वा!" म्हणाले आणि कुंडीच्या पत्र्याने बोट कापून घेतलं. रक्ताची धार लागली. भावजींनी कपाटातली डबी उघडली, रिकामी. दुसरी उघडली, तीही रिकामी. सगळ्या नुसत्या मांडून ठेवलेल्या! शेवटी मीच धावले. फुलाचा दांडा तेवढा जपला, रोपाची चार पानं खुडली, तळहातावर चुरगळून बोटावर दाबली. रक्त थांबलं.

"कमाल आहे हो!" साहेब म्हणाले. त्याच बोटाने पेन धरून त्यांनी परवान्यावर सही केली आणि खाली शेरा मारला: 'नळाजवळ रानगवत आढळले. आठ दिवसांत काढावे, अन्यथा परवाना रद्द.'

साहेबांची पाठ वळताच भावजी खुरपं घेऊन आले. मी नळापाशी फतकल मारली.

"आधी मला उपटा."

"वहिनी, परवान्याचा प्रश्न आहे!"

"कशाचा परवाना, भावजी?"

त्यांनी एकदा उघड्या डब्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खुरपं ठेवलं, कुंडीतलं एक प्लॅस्टिकचं फूल उपटून आणलं आणि माझ्या रोपाला दोऱ्याने बांधलं.

"आता बघू कोण गवत म्हणतंय ते," म्हणाले.