चार मिनिटं पुढे

"आणि वाजवताना हसायचं हां, टोलेकाका. फोटो काढायचाय," अध्यक्ष म्हणाले.

टोलेकाका लगेच हसून मोकळे झाले. नंतर नाही जमलं तर निदान एकदा तरी हसून झालेलं असावं.

ते व्हरांड्यात स्टुलावर उभं राहून घंटा पुसत होते. पितळेची घंटा, कलिंगडाएवढी. तिच्या दोरीला कुणीतरी पांढरी रिबीन बांधली होती. रिबीन त्यांच्या नाकाला सारखी गुदगुल्या करत होती. समोर गोल्फच्या मैदानाचं शेवटचं, अठरावं होल, त्याच्याभोवती कापून कापून गालिच्यासारखं केलेलं गवत, आणि मध्ये झेंडा. वारा नव्हता, त्यामुळे झेंडाही गप्प.

टोले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं दर शनिवारी दहाचे टोल मारले म्हणून टोले. खरं आडनाव क्लबात कुणाला आठवत नव्हतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा 'श्री. टोले' अशाच यायच्या, आणि बायको त्या वाचून दाखवताना म्हणायची, "चला, सौभाग्यवती घंटाबाईंनाही बोलावलंय का बघू."

सकाळी निघताना तिनं शर्टाची कॉलर नीट केली होती. "आता सुटलात ना एकदाचे? मग चेहरा असा का? कुणी गेल्यासारखा?"

"काही नाही गं."

कुणीतरी गेलंच होतं. पण ते तिला सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं.

क्लबाचा नियम सोपा होता. शनिवारी सकाळी मैदान बायकांचं, दहानंतर पुरुषांचं. दहाचे टोल पडले की बाई मैदानात जिथे असेल तिथे तिनं बॉल उचलायचा आणि बाहेर यायचं. काठी हवेत असली तरी खाली घ्यायची. नाही उचलला तर महिनाभर बंदी. पुरुषांना घंटा नव्हती. पुरुष अंधार पडला की बाहेर यायचे, नाहीतर बायकोचा फोन आला की.

आजपासून तो नियम गेला. सगळ्यांना सगळे दिवस, सगळ्या वेळा सारख्या. घंटा काढून काचेच्या कपाटात ठेवायची ठरली होती. त्याआधी शेवटचे दहा टोल, टोलेकाकांच्या हातचे, थाटामाटात.

पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर चिठ्ठी: 'प्रमुख पाहुण्या'. ती खुर्ची गणिताच्या बाईंसाठी होती. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि शनिवारी इथे खेळायच्या. निमंत्रण त्यांच्या घरी पोचलं, तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"टोलेकाका म्हणजे तुम्हीच का?"

स्टुलाखाली एक पस्तिशीची बाई उभी होती. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी.

"मी त्यांची भाची. मावशीऐवजी मला बोलावलंय. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते."

टोलेकाका खाली उतरले. हातातलं फडकं कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना, म्हणून खिशात कोंबलं. "बसा ना. चहा सांगू?"

"नको. एक विचारायचंय. मावशी घरी पत्ते खेळायला बसली ना, की जिंकल्याशिवाय उठायची नाही. आम्ही पोरं रडकुंडीला यायचो. आणि इथे म्हणे तिनं शेवटचं होल कधीच पूर्ण केलं नाही. तिच्याबरोबर खेळायच्या त्या बँकेतल्या बाई सांगत होत्या मघाशी. खरंय का हो?"

"असेल. लक्ष नसायचं माझं."

हे खोटं होतं. त्यांचं दुसरं कशावर लक्षच नसायचं.

दर शनिवारी बाई शेवटच्या होलपाशी यायच्या. बॉल होलच्या अगदी जवळ आणायच्या. दोन वीत, कधी एक. शाळकरी पोरालाही चुकणार नाही इतका जवळ. मग सरळ उभं राहून व्हरांड्याकडे बघायच्या. रागानं नाही. फळ्यावर उदाहरण लिहून वर्गाकडे बघतात तसं. आणि वाकून बॉल उचलायच्या. दहाला अजून वीस मिनिटं असली, तरी. उचलायच्या, खिशात टाकायच्या, चालू लागायच्या. असं अकरा वर्षं. नंतर गुडघे गेले, म्हणून यायच्या थांबल्या.

त्या थांबल्या, पण टोलेकाकांचं ऐकणं थांबलं नाही. बॉल होलमध्ये पडताना एक आवाज होतो. टुप्. रिकाम्या डब्यात लिंबू टाकल्यासारखा. बाईंच्या बॉलचा तो आवाज त्यांनी त्या अकरा वर्षांत एकदाही ऐकला नव्हता, आणि जे ऐकलं नव्हतं तेच कानात बसलं होतं. घरी बायकोनं डब्यात काही टाकलं, तरी ते दचकून बघायचे. "काय झालं?" ती विचारायची. "काही नाही गं."

भाचीनं पिशवीतून एक पाकीट काढलं. "मावशीच्या कंपासपेटीत मिळालं. म्हटलं, इथलंच आहे, इथल्या माणसाला विचारावं."

आत खेळाचं कार्ड होतं. पिवळं पडलेलं, घडीवर झिजलेलं. अठरा चौकटी. सतरा चौकटींत बाईंचे आकडे, छापल्यासारखे. अठरावी चौकट रिकामी. खाली 'साक्षीदाराची सही' असं छापलेलं आणि पुढे नुसती रेघ.

"मागे बघा," भाची म्हणाली.

मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: घंटा – ९:५६.

टोलेकाकांना वाटलं, स्टूल अजून पायाखालीच आहे आणि ते कुणीतरी काढून घेतंय.

"काय असेल हे?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "जुनं आहे. काय की."

त्यांनी कार्ड परत दिलं. मग फडकं काढून ते पुन्हा स्टुलावर चढले आणि स्वच्छ घंटाच पुसायला लागले.

व्हरांड्यातलं गोल घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. चुकून नाही, मुद्दाम. जुने सेक्रेटरी म्हणाले होते, "टोले, दहाला आमचा पहिला फटका म्हणजे दहाला. समोर बायका रेंगाळलेल्या नकोत. काटा चार मिनिटं पुढे ठेवायचा, आणि हे तुझ्या-माझ्यात." दर सोमवारी किल्ली देताना टोलेकाका मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवायचे आणि मग बोटानं काटा चार घरं पुढे ढकलायचे. सेक्रेटरी वारले त्यालाही बारा वर्षं झाली. थांबव असं कुणी सांगितलं नाही, म्हणून काटा पुढेच राहिला.

आणि तो शनिवार, त्या अकरा वर्षांच्या आधीचा.

बाई त्या दिवशी पुरुषांच्या खुणेवरून खेळत होत्या, मागच्या, लांबच्या. नियमांचं पुस्तक कोळून प्यायल्या होत्या. क्लबाचा विक्रम सर्वांत कमी, एकाहत्तर फटक्यांचा, आणि तो पुरुषाचाच असावा असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या होलपाशी आल्या तेव्हा झाले होते एकोणसत्तर. बॉल होलपासून दोन वीत. एकदा ढकलला की सत्तर.

व्हरांड्यात सेक्रेटरी चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी बॉलकडे बघितलं, मग घड्याळाकडे. आवाज न चढवता म्हणाले, "टोले, दहा झाले."

टोलेकाकांनी मनगटाकडे बघितलं. छप्पन्न.

बाई वाकलेल्या होत्या. दोरी हातात आलेली कळली की काय कोण जाणे, पण त्या सरळ झाल्या आणि त्यांनी वर बघितलं. नजरानजर झाली. एक शब्द बोलले असते, "साहेब, घड्याळ पुढे आहे", तर पुरलं असतं. शब्दही नको होता. नुसतं फडकं शोधायला आत गेले असते, तरी पुरलं असतं.

त्यांनी टोल दिले. दहाच्या दहा.

बाईंनी बॉल उचलला. सोबतच्या बँकेतल्या बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अर्धवट कार्डावर साक्षीदार तरी कसली सही करणार? दोघी व्हरांड्याखालून गेल्या. गणिताच्या बाईंचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला असायचं. त्यांनी जाताना हात उलटा करून ते बघितलं की नाही, यावर टोलेकाकांनी पुढची सगळी वर्षं काढली होती. नाही बघितलं, असं ते स्वतःला सांगायचे. ऊन होतं, घाम होता, कशाला बघतील?

बघितलं होतं. पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

"आपल्या क्लबात स्त्रियांना पहिल्यापासूनच मान होता," अध्यक्ष माईकवर सांगत होते.

"होता ना. खाली घालायला," पहिल्या रांगेतून बँकेतल्या बाई पुटपुटल्या. आता त्यांच्या हातात काठी होती, चालायची. आजूबाजूच्या चार बायका खुसखुसल्या.

"तर आता दहाला शेवटचे टोल! टोलेकाका, तयार?"

टोलेकाकांनी दोरी धरली. फोटोवाला गुडघ्यावर बसला. लोकांनी फोन वर केले. गोल घड्याळाचा काटा बारावर आला.

टोलेकाका उभेच.

"काका, दहा झाले," अध्यक्ष माईक बाजूला करून म्हणाले.

"नाही झाले."

"अहो, समोर दिसतंय की!"

"ते पुढे आहे."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षही हसले. "किती पुढे?"

"चार मिनिटं."

"बिघडलंय का? कधीपासून?"

"पहिल्यापासून," टोलेकाका म्हणाले. "बिघडलेलं नाही. मीच ठेवायचो."

माईक बाजूला असला तरी चालू होता. ते वाक्य सगळ्या खुर्च्यांपर्यंत गेलं. तरण्या पोरींना काही कळलं नाही. म्हाताऱ्या बायका मात्र एकदम गप्प झाल्या. जी ती मनातल्या मनात कुठल्या तरी जुन्या शनिवारी जाऊन उभी राहिली असावी. झाडाखाली, वाळूत, काठी उगारून.

"पहिल्यापासून?" बँकेतल्या बाईंनी विचारलं. "म्हणजे मी कितीदा..."

"वाजवा आता, काका. होतं असं कधीकधी," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"दहाला वाजवतो."

चार मिनिटं म्हणजे काही नाही. चहा उकळतो तेवढ्यात. पण शंभर माणसं गप्प बसलेली असली, की चार मिनिटांत एक अख्खं माणूस मावतं. हळूहळू सगळे समोर बघायला लागले, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. गवत, झेंडा, होल. टोलेकाकांना बाई दिसल्या. वाकलेल्या. कसली घाई नाही. चष्मा वर सारला, पाय जुळवले, काठी मागे नेली. वेळ होता. तेव्हाही होता.

त्यांनी कान दिला. सगळं अंग कान केलं.

टुप् झालं नाही.

मनगटावर दहा वाजले. दोरी हातातच होती. त्यांनी ती सोडून दिली. घंटा किंचित हलली, वाजली नाही.

"दहा झाले," ते साध्या आवाजात म्हणाले आणि बाजूला झाले.

टाळी वाजवायची की नाही ते कुणालाच कळेना. फोटोवाल्यानं एक फोटो काढला, त्यात कुणीच हसत नव्हतं. मग अध्यक्षांनी "चला, चहा घेऊ या" म्हणून सगळ्यांची सुटका केली, आणि खुर्च्या सरकल्या.

भाची रिकाम्या खुर्चीशेजारीच बसून होती. मांडीवर पाकीट. टोलेकाका तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मघाशी मी खोटं बोललो."

"कळलं."

"त्या दिवशी घंटा मीच वाजवली. मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तरी वाजवली." "एकोणसत्तर झाले होते. दोन वीत राहिलं होतं. मी इथून बघत होतो."

भाचीनं मांडीवरचं पाकीट सरळ केलं. मग तिनं विचारलं, "मावशीला कधी सांगावंसं नाही वाटलं?"

"दर शनिवारी वाटायचं."

"मग?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. तुमचं चुकलं नाही असं म्हणाली नाही, आणि चुकलं असंही नाही. त्याबद्दल टोलेकाकांना बरंच वाटलं.

"ते कार्ड द्याल जरा? आणि पेन असेल तर."

त्यांनी कार्ड व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं, हातानं सपाट केलं. 'साक्षीदाराची सही' पुढच्या रेघेवर ते सही करू लागले. पहिलं अक्षर काढून थांबले. इतकी वर्षं चिठ्ठ्याचपाट्यांवर 'टोले' असंच खरडत आले होते, त्यामुळे खऱ्या आडनावाचं वळण हाताला पटकन आठवेना. मग आठवलं. सावकाश, शाळेत लिहितात तसं, पूर्ण नाव लिहिलं. शेजारी वेळ घातली, नऊ छप्पन्न.

भाचीनं वाकून वाचलं. "हे तुमचं नाव?"

"हो."

"आणि ही शेवटची चौकट?"

टोलेकाकांनी त्या चौकटीकडे बघितलं. पेन अजून हातात होतं. एवढीशी चौकट, नखाएवढी.

"ती राहू दे तशीच," ते म्हणाले. "बॉल पडला नव्हता."

शाई ओली होती. त्यांनी कार्ड उचललं, आणि ती वाळेपर्यंत तिच्यावर हळूहळू फुंकर घालत उभे राहिले.