दोन विहिणींची करवत

सिस्टर आणि त्यांच्या विहीणबाई यांच्यात कित्येक महिने विस्तव जात नव्हता, आणि कारण विचाराल तर साबण. हो, साबण! सिस्टरांच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा विहीणबाई नातीला बघायला आल्या. हातात स्वतः विणलेलं टोपडं, चेहऱ्यावर तोंडभर हसू. सिस्टरांनी त्यांना दारातूनच बेसिनपाशी नेलं. "कोपरापर्यंत हात धुवा. दोनदा." वर नाकातोंडाला मास्क. तेही चारचौघांदेखत. आता सिस्टर म्हणजे उभा जन्म इस्पितळात काढलेली बाई. रिटायर झाल्या तरी सगळी कॉलनी त्यांना सिस्टरच म्हणायची. त्यांच्या लेखी हात धुण्यात कसला आलाय अपमान? पण विहीणबाई काही कमी नव्हत्या. पडद्यांचं नि शिलाईचं स्वतःचं दुकान, हाताखाली चार माणसं. "मी काय गटारातून उठून आलेय?" असं म्हणून त्यांनी टोपडं टेबलावर ठेवलं आणि आल्या पावली परत गेल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून चालायचं. "सांगा त्यांना", "विचारा त्यांना."

हेही एक वेळ चालून गेलं असतं. पण लेकीची रजा संपत आली. लेक-जावयाचं बिऱ्हाड वेगळं, सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं, आणि दिवसभर ठकीला, म्हणजे नातीला, सांभाळायचं कुणी? दोन्ही आज्या कंबर कसून तयार. "माझ्याकडेच!" "छे, माझ्याकडेच!" सिस्टरांनी तर एक खोली रिकामी करून पाळणासुद्धा आणून ठेवला. खरं सांगायचं तर रिटायर झाल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. सकाळी आठला सगळं आवरून झालेलं असायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत करायचं काय? ती पोर घरात आली तर आपण पुन्हा माणसात येऊ, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

शेवटी लेक आणि जावई दोघेही वैतागले. जावई तसा गरीब माणूस, पण त्यानेही त्या दिवशी आवाज चढवला. "दोघींनी समोरासमोर बोलून ठरवा. आमच्यामार्फत नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर ठकी पाळणाघरात."

शनिवारी सकाळी लेक सिस्टरांना घेऊन रानात गेली. तळ्याच्या काठी लोकांनी मिळून राखलेलं ते रान. थंडीत गवत वाळलेलं असतं, साप बिळात असतात, पाखरांची घरटी रिकामी असतात, म्हणून वर्षाची बरीचशी कामं थंडीतच उरकायची. झाडांवर टांगलेली लाकडी घरटी झाडून ठेवायची, पायवाटा मोकळ्या करायच्या, काट्यांची झुडपं छाटायची. दर शनिवारी वीसतीस माणसं हौसेने येत. सिस्टर गाडीतून उतरल्या आणि बघतात तर काय, पलीकडे जावयाच्या स्कूटरवरून विहीणबाई उतरत होत्या. पायात नवे बूट, डोक्याला मफलर. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी एकदमच आपापल्या पोरांकडे बघितलं. पोरं शूरवीर! ठकीला छातीशी बांधलं, शिडी उचलली आणि घरटी झाडायला तळ्याच्या पलीकडे पसार झाली.

रानाचा कारभार बघायचा एक रिटायर्ड पीटी मास्तर. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. शाळा सुटली तरी शिट्टी काही त्याच्या गळ्यातून सुटली नव्हती.

"मोठ्या वाटेवर झाड आडवं पडलंय," कप्तान म्हणाला. "मशीनची करवत लावायची नाही. तळ्यावर थंडीपुरती बदकं उतरलीत, आवाजाने उठून जातील. दोन माणसांनी ओढायची लांब करवत आहे. तिला दोन्ही टोकांना सारख्या उंचीची माणसं लागतात, नाहीतर काप तिरपा जातो. चला, उंचीप्रमाणे उभे राहा!"

सिस्टरांना पोरांच्या लग्नातला फोटो आठवला. त्यात त्या नि विहीणबाई शेजारी उभ्या होत्या. डोक्याला डोकं लागत होतं. त्यांनी हळूच गुडघे वाकवले. आता बोटभर तरी कमी दिसू. पण नशीब बघा, विहीणबाईंनाही तीच युक्ती सुचली! दोघी सारख्याच वाकलेल्या, सारख्याच अवघडलेल्या.

"वा! जोडी जमली!" कप्तान म्हणाला आणि शिट्टी वाजवून मोकळा झाला.

सिस्टरांना जाहीर भांडण करायची लाज वाटली, आणि विहीणबाईंना त्यांच्याआधी माघार घ्यायची. असा सगळा प्रकार. दोघी मूग गिळून झाडापाशी आल्या. कप्तानने हातमोजे पुढे केले. विहीणबाईंनी घातले. सिस्टरांनी मोज्यांच्या आत डोकावून बघितलं आणि परत दिले. "कुणाकुणाचे हात गेलेत त्यात!"

"मर्जी तुमची," कप्तान म्हणाला. "ऐका. फक्त आपल्याकडे ओढायचं. समोरचा ओढायला लागला की हात सैल सोडायचा. ढकलायचं नाही. ढकललंत की पातं वाकलंच म्हणून समजा." एवढं सांगून तो दुसऱ्या टोळीकडे गेला.

आता सिस्टरांनी आयुष्यभर ढकलण्याचंच काम केलेलं. स्ट्रेचर ढकलली, औषधांच्या गाड्या ढकलल्या, आणि भेटीची वेळ संपली की पेशंटचे नातेवाईकही ढकलले. हात सैल सोडायचा म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. करवत दोन वेळा गेली आणि अडकली. पातं असं कण्हलं की जवळच्या फांदीवरचं पाखरू उडून गेलं.

निरोप न्यायला तिसरं माणूस नव्हतं. मग सिस्टर झाडाशीच बोलल्या. "काही लोकांना धीर म्हणून नसतो."

"काही लोक मूठ अशी धरतात, जसं काही कुणी पळवून नेणार आहे," विहीणबाईही झाडालाच म्हणाल्या.

"काही लोकांना वाटतं, हे पडद्याचं कापड आहे."

"काही लोकांना वाटतं, हा वॉर्ड आहे."

लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. झाड बिचारं आडवं पडलेलं. ऐकून घेतल्याशिवाय जातंय कुठे?

पण राग काय आणि करवत काय, एकदा घाम फुटला की दोन्ही जरा मऊ पडतात. बोलून बोलून दम लागला तशा दोघी गप्प झाल्या, आणि गप्प झाल्या तशी करवत चालू लागली. खर्र इकडे, खर्र तिकडे. बुंध्याखाली पिवळा भुसा साचायला लागला. लाकडाचा ओला वास सुटला. सिस्टरांना आपण काहीतरी करतोय असं बऱ्याच दिवसांनी वाटलं, आणि त्या चक्क खूश झाल्या. पहिला ओंडका धप्पकन खाली पडला तेव्हा दोघींच्या तोंडून एकदमच "पडला गं बाई!" निघालं. मग दोघींना आठवलं की आपलं भांडण आहे.

ओंडका बाजूला लोटताना सिस्टरांच्या उजव्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ घुसलं. चांगलं खोल गेलं. प्रथमोपचाराची पेटी गाडीत, गाडीची किल्ली लेकीकडे आणि लेक तळ्यापलीकडे. डाव्या हाताच्या नखांनी त्यांनी खटपट केली, कुसळ आणखीच आत गेलं.

विहीणबाई बघत होत्या. त्यांनी मफलर बाजूला केला. आत स्वेटरला सुई टोचलेली होती, दुकानातल्या बायकांची सवय. त्या ओंडक्यावर येऊन बसल्या.

"द्या इकडे तो हात."

कित्येक महिन्यांनंतर थेट बोललेलं हे पहिलं वाक्य! आणि सिस्टर काय म्हणाल्या असतील? "सुई उकळलेली आहे का?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. "थांबा, आधी हात धुऊन येते. कोपरापर्यंत. दोनदा ना?"

सिस्टरांना राग यायला हवा होता. पण आलं हसू. दाबायला गेल्या तसं ते नाकातून फुटलं, आणि मग विहीणबाईही हसल्या. खो खो हसल्या दोघी, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "चुकलंच माझं," हसता हसता सिस्टर म्हणाल्या. "पोर एवढीशी होती हो. मी घाबरले होते."

"हे तेव्हाच म्हणाला असतात तर तीनदा धुतले असते," विहीणबाई म्हणाल्या.

मग विहीणबाईंनी हातमोजे उतरवले आणि स्वेटरची सुई काढली. आणि सिस्टरांचं हसू थांबलं. सुईचं टोक थरथरत होतं. थंडीची थरथर आणि ही थरथर यातला फरक सिस्टरांना कळणार नाही तर कुणाला?

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

विहीणबाईंनी हात मांडीवर टेकवले. मग म्हणाल्या, "पावसाळ्यापासून. कापड कापायचं आता पोरींवर सोपवलंय."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"कसं दाखवू? इस्पितळात सगळी तुमचीच माणसं. तुम्हाला कळलं असतं."

"आणि या हातांनी ठकीला सांभाळायचं म्हणता?"

"नाही हो जमणार!" विहीणबाई एकदम बोलून गेल्या. "मला काय कळत नाही? परवा तिला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. पण पोर तुमच्याकडे राहिली की माझा पोरगा कामावरून सुटून तुमच्याकडे येणार. सूनही तिथेच. जेवणंखाणं तिथेच. माझ्या दारात कोण येणार? दुकान बंद झालं की मी आणि माझी शिलाई मशीन."

सिस्टरांनी त्या हातांकडे बघितलं. बाजी त्यांच्या हातात आली होती. लेकीला एक शब्द सांगितला, 'अगं, त्यांचे हात थरथरतात', की ठकी सोमवारी आपल्या घरी, रिकाम्या केलेल्या त्या खोलीत. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. क्षणभर त्यांना तो मोह झाला, हे लपवून काय उपयोग? पण घर खायला उठणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि बाईने इतकं सांगितलं ते आपल्याला, आपल्यासारखीला! त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आजच संध्याकाळी तुम्हाला दवाखान्यात घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "शंभर कारणं असतात थरथरायची. निम्म्यांवर तर साधी गोळी असते. आता हे कुसळ काढा, दुखतंय मला."

त्यांनी डाव्या हाताने विहीणबाईंचं मनगट घट्ट धरलं. एकीची नजर, दुसरीचा आधार. दोन वेळा "आई गं" झालं आणि तिसऱ्या वेळी कुसळ बाहेर आलं.

दुपारी पोरं परतली तेव्हा वाट मोकळी झालेली होती. दोघी ओंडक्यावर बसून कप्तानने दिलेला चहा पीत होत्या. लेक आणि जावई लांबूनच अंदाज घेत आले, कुत्रं बांधलंय की सुटलंय ते बघत यावं तसे.

"ठरलं का काही?" लेकीने विचारलं.

विहीणबाईंनी मान खाली घातली.

"ठरलं," सिस्टर म्हणाल्या. "ठकी विहीणबाईंच्या घरी राहील. मी रोज सकाळी तिथे येईन, तुम्ही येईपर्यंत थांबेन. ड्युटी समज."

"आई! काल रात्रीपर्यंत तर तू म्हणत होतीस, आपल्याच घरी ऊन जास्त येतं म्हणून!"

"मग आज मी म्हणते, त्यांच्या घरी जास्त येतं. ऊन काय, फिरत असतं."

"पण तुम्ही दोघी दिवसभर एका घरात? भांडण झालं तर?" जावयाने विचारलं.

"झालं तर आम्ही निस्तरू," विहीणबाई म्हणाल्या. एवढंच बोलल्या, आणि नाक पुसलं.

ठकी बापाच्या छातीवर चुळबुळ करत होती. तिने आज्या बघितल्या आणि दोन्ही हात पुढे केले. जावयाने तिला सोडवून सिस्टरांसमोर धरलं. सिस्टरांनी तिला घेतलं आणि सरळ विहीणबाईंच्या मांडीवर दिलं. विहीणबाईंनी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. सिस्टर त्यांना चिकटून बसल्या आणि आपला हात खालून ठकीच्या पाठीशी लावला. ठकीने विहीणबाईंचा मफलर ओढून तोंडात घातला.

"अगं, एवढ्याशा पोरीला दोघींनी मिळून कशाला धरलंय?" लेक हसत म्हणाली.

"थंडी आहे," सिस्टर म्हणाल्या.