साव्वाचा झीलकरी

साव्वाच्या मागे उभं राहून ओळींची शेपटं उचलायची, एवढंच झाखारचं काम. साव्वा धडाधड रॅप म्हणत सुटायचा. कडव्यातल्या दर चौथ्या ओळीला त्याचा दम संपायचा, मग शेवटचे शब्द झाखार म्हणायचा आणि तेवढ्यात साव्वा श्वास घ्यायचा. झीलकरीच म्हणा ना. वाईट इतकंच, की साव्वाला रॅप शिकवला होता तो याच झीलकऱ्याने, रशियातल्या चेरेपोवेत्स शहरात, आपल्या टायरच्या दुकानामागे.

पीटर्सबर्गला भरणाऱ्या नवख्या रॅपरांच्या वार्षिक स्पर्धेला दोघांनीही आपापलं गाणं पाठवलं होतं. बोलावणं आलं साव्वाला. झाखारने त्याला मिठी मारली, पाठ थोपटली आणि पुढे आठवडाभर त्याच्या पोटात दुखत राहिलं. त्यात झाखारच्या आईने पीटर्सबर्गच्या प्रवासासाठी पिरोश्की, म्हणजे सारण भरलेले पाव, तळून दिले, तेही कोबीचे, कारण साव्वाला कोबीचे आवडतात. पोटच्या पोराला बटाट्याचे आवडतात हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. गाडीत साव्वाने सहा हाणले. झाखारने भूक नाही म्हणून सांगितलं.

अंतिम फेरीत आठ जण होते. जो जिंकेल त्याचा आल्बम निघणार होता. जुन्या कारखान्याची शेड माणसांनी गच्च भरली होती. साव्वाचं गाणं पोलादाच्या कारखान्यातून न परतलेल्या त्याच्या बापावर होतं आणि दर चौथी ओळ "घरी ये, बाबा"वर येऊन थांबायची. हे शब्दही झाखारनेच सुचवलेले. पहिल्या दोन कडव्यांना त्याने झील चोख धरली. लोक हात उंचावत होते, पण बघत होते साव्वाकडे. तिसऱ्या कडव्याला झाखारच्या मनात आलं, पडू दे की एकदा तोंडावर. आणि तो गप्प राहिला.

ओळ अधांतरी राहिली. पुढची धापेत गेली, तिच्या पुढची आलीच नाही. संगीत एकटंच वाजत राहिलं. झाखारला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

साव्वा वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, काळजी होती. त्याने आपला माईक पुढे केला.

"घे, माझा घे. तुझा बंद पडलाय वाटतं."

मग साउंडवाल्याला हाक मारून त्याने दुसरा माईक मागितला. साउंडवाला पिकल्या मिशांचा, आपल्या सामानाला कुणी नावं ठेवली की भडकणारा. तो तरातरा मंचावर आला आणि झाखारच्या माईकवर त्याने बोटाने दोनदा टकटक केली. सगळी शेड दणाणली.

"चालूच आहे की. तोंडच उघडलं नाही तर मी काय करू?"

साव्वाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने मान खाली घातली. परीक्षक बाईंनी सांगितलं, नियमाप्रमाणे एकदा पुन्हा सुरुवात करता येईल.

"तू बाजूला थांब," साव्वा हळू आवाजात म्हणाला. "मी एकटाच म्हणतो."

एकट्याचं ते काम नव्हे, हे झाखारइतकं कुणाला ठाऊक? तो मंचाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याला आता साव्वासाठी भीती वाटू लागली. चौथ्या ओळीला साव्वाचा दम संपलाच. पण पुढच्या रांगेतल्या दोघी पोरींनी मघाशी ऐकलेले शब्द लक्षात ठेवले होते. त्यांनीच ओरडून ओळ पुरी केली. पुढच्या खेपेला मागच्या रांगाही ओरडल्या. साव्वाने त्यांच्याकडे बघत पोटभर श्वास घेतला, झाखारबरोबर कधी मिळाला नव्हता इतका.

तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खी शेड त्याच्या मागे होती. शेवटच्या ओळीला सवयीने झाखारच्याही तोंडून "घरी ये, बाबा" निघालं. त्या गलक्यात ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.