रविवारची घंटा

"कुठं हाय टँकर?"

भागूबाईने चर्चच्या फाटकातूनच ओरडून विचारले. डोक्यावर घागर, काखेत कळशी, आणि मागे तळ्याच्या कामावरून पळत आलेल्या बायांचा लोंढा. पदर खोचलेले, अंगावर मातीची पुटं. घंटेचा दोर अजून यशयाच्या हातात होता.

"टँकर न्हाई आला, आक्का," तो म्हणाला. "आज रविवार हाय."

"मंग?"

तिच्या गावी रविवार नव्हताच. तिचा वार एकच, बाजाराचा. ती उत्तराची वाट पाहत तशीच पुढे आली, पायरी चुकली आणि गुडघ्यावर आदळली. घागर फुटली. कोरडी होती, म्हणून आवाज मोठा झाला.

"मुकादम खाडा मांडनार आता," मागून कुणीतरी कडाडले. "द्येवाच्या दारात उभं ऱ्हाऊन फशिवता व्हय?"

धुतलेल्या कपड्यांत उपासनेला आलेली मंडळी दाराशी थिजून उभी राहिली. यशया खापऱ्या गोळा करू लागला.

*

हे प्रभू, मला शहाणपण दे, म्हंजी मी—

यशयाची ही प्रार्थना कधी पुरी होतच नसे. रोज सकाळी चर्च झाडून झाले की दोर मुठीत धरून तो डोळे मिटायचा. एवढे म्हणेपर्यंत कुणीतरी हाक मारायचे, नाहीतर शेळी आत शिरायची. बाप घंटा वाजवायचा, बापामागे हा. दोराची गाठ दोघांच्या हातांनी गुळगुळीत झालेली.

गेल्या सोमवारी ती प्रार्थना भागूबाईनेच मोडली होती.

"यशया, तुजी घंटा तळ्याच्या कामावर ऐकू येती रं."

बहात्तर सालचा पाऊस आलाच नव्हता. आता फेब्रुवारी सरत आला होता. सारे गाव दुष्काळी कामावर, तळ्याची माती उपसायला. टँकर तिसगावच्या बाजूने यायचा, कधी सकाळी, कधी दुपार कलल्यावर. विहिरीत पाणी ओतून धुरळा उडवत निघून जायचा. घरी असणारे भरून घ्यायचे. कामावरून परतणाऱ्याला तळाचा गाळ.

"टँकर आला की वाजीव. आमी पळत येऊ."

ख्रिस्ती वस्तीच्या बायांना त्या विहिरीवर चढायला गावाची मनाई होती. त्या खाली घागरी मांडून बसायच्या आणि वरून कुणीतरी शेंदून ओतायचे. कुणीतरी म्हणजे गावातली भागूबाईच. बाकीच्यांना आपलेच भरून होत नसे.

यशयाने वाजवली. त्याने मनाशी धरले होते: टँकरची जलद वाजवायची, उपासनेची संथ. आणि रविवार काय, तो तर सगळ्या जगाला ठाऊक असतो.

*

उपासना झाल्यावर पाळकसाहेब त्याला बाजूला घेऊन बसले. तरुण माणूस, नगरहून नुकताच आलेला.

"चर्चचं पंचमंडळ म्हणतं, टँकरसाठी घंटा बंद करा."

"तुमी काय म्हनता?"

"दोन्हीला वाजवली तर आजच्यासारखंच होणार, यशयाबाबा. त्या बायांनी दर वेळी थांबून विचार करायचा का, ही कुठली घंटा? तेवढ्यात पाणी संपतं. एक काहीतरी ठेवावं लागेल."

"कंची?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

"पंचमंडळाला मी सांभाळून घेईन. पण तुम्ही ठरवा. प्रार्थना करा, शहाणपण मागा."

"मागतोच की, सायेब. रोजच मागतोय."

*

त्याने पाळकसाहेबांना एक गोष्ट सांगितली नव्हती.

त्याची बायको रतनबाई गेली दोन वर्षे खाटेवर होती. कंबरेखालचे अंग गेलेले. तिला चर्च राहिले नव्हते, फक्त घंटा राहिली होती. रविवारी पहिला टोला पडला की ती पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटायची, आणि तिकडे मंडळी गात असेल तेवढा वेळ इकडे एकटीच पुटपुटत राहायची.

यशया घरात आला तेव्हा पदर अजून डोक्यावरच होता.

"आज गलका कसला वो?"

त्याने सांगितले. भागूबाई, घागर, पंचमंडळ, सगळे. आणि शेवटी, "काय करू?"

"मला काय इचारता? रोज शानपन मागता न्हवं? दिऊन दिऊन द्येव दमला आसंल."

"थट्टा नगं करू, रतन. रविवारची बंद केली तर तुजी उपासना—"

बाहेर शेळीने अंग झटकले.

"लई लागलं का भागूबाईला?"

"गुडगा सुजलाय."

"मंग उंद्या आपल्या बायांना पानी कोन शेंदून देनार?"

यशया खाटेच्या कडेला टेकला.

"शुक्करवारी तुमी मला न्हाऊ घातलंत," ती म्हणाली. "संक्रातीपासनं अंगाला पानी लागलं नव्हतं. कंच्या घंटंचं पानी हुतं त्ये?"

मग तिने पदर मागे सारला आणि भिंतीकडे तोंड केले. ती रडते आहे की झोपली, हे पाहायचा त्याला धीर झाला नाही.

*

हे प्रभू, मला शहाणपण दे, म्हंजी मी—

या वेळी कुणी हाक मारली नाही. शेळीही आली नाही. दोर हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. पुढचे शब्द त्यालाच सुचले नाहीत. मग त्याने दोर वर गुंडाळून खुंटीला बांधला.

*

पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही.

यशया धुतलेला सदरा घालून वस्तीच्या वरच्या टोकापासून निघाला. प्रत्येक दारापुढे थांबायचा, टोपी काढायचा.

"मरियाबाई, उपासनंची येळ झाली."

"यशयाबा, घसा बसंल की हो!"

"बसू द्या. चला."

वळणावर भागूबाई काठी टेकत कामाकडे निघाली होती. "आज टँकर न्हाई ना रं?" तिने विचारले. "न्हाई, आक्का. आला की वाजवतो," तो म्हणाला. तिने मान हलवली आणि लंगडत पुढे गेली.

वस्ती संपली. मंडळी चर्चकडे चालू लागली. यशया मात्र उलटा फिरला आणि स्वतःच्या दारात येऊन उभा राहिला. घसा खरेच बसला होता. त्याने टोपी काढली.

"रतनबाई," तो परक्या घरी म्हणावे तसे अदबीने म्हणाला, "उपासनंची येळ झाली."

आत खाट कुरकुरली. पदर डोक्यावर घेतल्याची बांगड्यांची किणकिण झाली.

तो टोपी हातात घेऊन, तिचे पुटपुटणे थांबेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिला.