जुन्या लाइनवरचा बल्ब

लेथवरचा बल्ब मंदावला तसं टर्नरने टूल मागे घेतलं, मशीन बंद केलं आणि कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला. भिंतीपलीकडून वेल्डिंगची चरचर येत होती. पत्र्याच्या फटीतून निळा उजेड आत डोकावून जात होता. धाकट्या भावाचं काम चालू होतं, म्हणजे आता वाट पाहणं आलं.

घरामागची ही शेड एकेकाळी सलग होती. एका टोकाला थोरल्याचा लेथ, दुसऱ्या टोकाला धाकट्याचं वेल्डिंग, आणि गावच्या शेवटच्या खांबावरून दोघांसाठी आलेली एकच मरतुकडी लाइन. दोन्ही यंत्रं एकदम चालली की बिचारीच्या अंगात त्राणच उरत नसे. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी लेथची गती अशीच मध्येच पडली, गुळगुळीत होत आलेल्या शाफ्टवर चरे उमटले आणि टर्नरच्या तोंडून निघून गेलं, "तुला काय कळणार? ठिगळं लावणारा माणूस तू."

आठ दिवसांनी धाकट्याने शेडच्या मधोमध विटांची भिंत घातली. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद. जावांचं मात्र भिंतीला वळसा घालून बिनबोभाट चालू होतं.

भिंत झाली, पण लाइन एकच राहिली. पलीकडे वेल्डिंग लागलं की बल्ब मंदावे. मग थांबायचं, आणि उजळला की पुन्हा सुरू करायचं, हा नियम टर्नरने आपणहून घालून घेतला होता. "समजूतदारपणा काय तो आम्हीच दाखवायचा," असं तो बायकोला महिन्यातून चारदा तरी ऐकवी. तीही आता नुसतं "हूं" म्हणत असे.

आज ही कटकट कायमची मिटणार होती. नव्या मीटरचा अर्ज दीड वर्ष टेबलाटेबलावर विश्रांती घेऊन एकदाचा मंजूर झाला होता आणि लाइनमन दुपारी दुसरी लाइन ओढून देणार होता. पण पाण्याच्या पंपाचा शाफ्ट त्याआधी द्यायचा होता. गावातले नळ दोन दिवस कोरडे पडले होते.

चरचर थांबली. बल्ब उजळला. टर्नरने शेवटचा कट लावला: मीटरभर लांब, केसाएवढा पातळ, पाऊण तासाचा. मध्ये गती पडली तर शाफ्ट भंगारात जायचा आणि गाव आणखी दोन दिवस तहानलेलं राहायचं.

दहा मिनिटं झाली असतील. पलीकडे कुणी गिऱ्हाईक आलं.

"झालं का गेट? टेम्पो उभाय माझा."

"एक पल्ला तयार आहे, तो न्या," धाकट्याचा आवाज आला. "दुसरा संध्याकाळी देतो."

"आत्ताच लावा की. लाइट तर आहे."

"लाइट आहे, पण पलीकडे लेथ चाललाय."

"चालू दे. तुमचं तर बोलणंही नाही म्हणे."

"बोलणं नाही," धाकटा म्हणाला. "पण शेवटचा कट चाललाय, आवाजावरून कळतं. त्यात खंड पडून चालत नाही. तिथं ठिगळ लावता येत नाही."

टर्नरचा हात तेलाच्या डब्यावर तसाच राहिला. पाच वर्षांत शेवटच्या कटाच्या वेळी बल्ब एकदाही मंदावला नव्हता. याचं श्रेय तो आजवर स्वतःच्या अंदाजाला आणि थोडंफार नशिबाला देत आला होता. त्याला लाज वाटली. कट संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

पंपवाला शाफ्ट घेऊन गेला आणि लाइनमन आला. खांबावर चढला, तार ओढली, नवा मीटर बसवला.

"आता शेजारी कितीही चमकू दे, तुमच्या मशीनला धक्का नाही," तो हात पुसत म्हणाला. "हा बल्बही नव्या मीटरवर घेतो."

"नको. तो जुन्यावरच राहू दे."

"अहो, मग तो लुकलुकणारच."

"लुकलुकू दे."

लाइनमनने एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा टर्नरकडे, आणि पक्कड पिशवीत टाकली. तऱ्हेवाईक माणसं त्याला नवी नव्हती.

टर्नरने दुसरं काम लावलं. लेथ पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखा फिरत होता. पण त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा वर जात होतं. अर्धा तास झाला, तास झाला. बल्ब मंदावला नाही, भिंतीपलीकडून चरचरही आली नाही.

बायको चहा घेऊन आली.

"भाऊजींचा तो दुसरा पल्ला तसाच पडलाय," ती म्हटल्या-न म्हटल्यासारखं म्हणाली. "मास्क कपाळावर सारून नुसते बसलेत. लेथ थांबायची वाट बघत असतील. मी सांगून येऊ, लाइन वेगळी झाली म्हणून?"

"नको."

त्याने टूल मागे घेतलं, पण मशीन चालूच ठेवलं. फडक्याने हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. चहा तसाच सोडून तो भिंतीला वळसा घालून गेला.

धाकटा स्टुलावर बसला होता. समोर लोखंडी पल्ला, हातात वेल्डिंगचा चिमटा.

"थांबू नकोस," टर्नर म्हणाला. "माझी लाइन वेगळी झाली आजपासून."

"बघितलं. लाइनमन खांबावर चढला तेव्हाच."

"मग थांबलास कशाला?"

धाकट्याने चिमट्याकडे पाहिलं.

"म्हटलं, बघू दादा सांगायला येतो का."

टर्नर खाली बसला, सुटा दांडा पल्ल्याच्या चौकटीला बरोब्बर भिडवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटून मान फिरवली.

"लाव," तो म्हणाला.

धाकट्याने मास्क खाली ओढला. भिंतीपलीकडे लेथ एका लयीत फिरत राहिला आणि त्याच्यावरचा बल्ब मंदावला.