छपरावरचा दगड

आमच्या घरामागे आधुनिक जपानी बाग व्हायची होती. म्हणजे आहे ते सगळं उपटून तिथे खडी, शेवाळ आणि शांतता आणायची होती. पहिल्या दोन गोष्टी टेम्पोतून आल्या. शांततेसाठी एक मोठा दगड लागणार होता. तो बाजूच्या बोळातून जाईना, म्हणून क्रेनने छपरावरून न्यायचं ठरलं. क्रेनवाल्याने घर रिकामं करायला सांगितलं. आईला शेजाऱ्यांकडे बसवून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो.

दगड छपरावर आला आणि बाग आखणाऱ्या मॅडम ओरडल्या, "थांबा! त्याचं तोंड दिवाणखान्याकडे हवं. जरा फिरवा."

"दगडाला तोंड?" क्रेनवाला म्हणाला.

"असतं. दिसायला नजर लागते."

बायकोने मान डोलावली. मीही डोलावली. आपल्याला नजर नाही हे चारचौघांत कोण कबूल करणार?

दगड फिरला आणि त्याला बांधलेला एका बाजूचा पट्टा वीतभर सरकला. दगड तिरका झाला. तेवढ्यात शेजारीण धावत आली. "तुमच्या आई चष्मा आणायला म्हणून घरी गेल्यात!"

सगळे वर बघत होतो. दारातून गेलेली कुणालाच दिसली नव्हती.

"मी आता काही हलवत नाही," क्रेनवाल्याचा आवाज चिरकला. "आधी त्यांना काढा!"

बायकोने पाठीत ढकललं. "अहो, जा ना!"

स्वतःच्याच घरात मी मान खांद्यात घालून, भिंतीला चिकटून चाललो. जणू तेवढ्याने दगडाचा नेम चुकणार होता. वर पट्टा करकरत होता.

आईच्या खोलीला उजेडासाठी छपरात काच बसवलेली आहे. त्या काचेत दगड होता. नजर नसूनही मला त्याचं तोंड दिसलं. ते आमच्याकडेच होतं.

"आभाळ आलंय वाटतं," आई म्हणाली. "दिवा लाव बघू."

"आई, चष्मा मरू दे, चल!"

"ओरडतोस काय? गुडघे नवीन बसवलेत, चाकं नाही."

तिला उचलायला गेलो, जमलं नाही. वर काहीतरी निसटल्याचा आवाज झाला. डोळे मिटून मी तिच्यावर ओणवा झालो. काही पडलं नाही. मग तिच्या चालीने निघालो. दाराशी ती चपला घालायला थांबली. मी तिथेच रडायला लागलो.

आम्ही बाहेर आल्यावर क्रेनवाल्याने दगड मागे घेऊन रस्त्यावर टेकवला. जमीन हादरली. मॅडम काहीतरी समजावत होत्या, मला ऐकू येत नव्हतं.

"हात सोड रे, दुखतोय," आई म्हणाली.

सोडता येईना. शेवटी बायकोने माझं एकेक बोट सुटं केलं.